रोषणाईसाठी संगणक की रास्पबेरी पाय?

नाताळची रोषणाई गाण्याच्या तालावर चालवण्यासाठी घरातला विंडोज संगणक पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दिवे कधी व कसे लागावेत याचे क्रम एक्सलाइट्स या रोषणाई रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकावरच रचावेत, पण रोजचे प्रक्षेपण रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावरील फाल्कन प्लेयरकडे, म्हणजे ते क्रम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सोपवावे. कारण ऐन कार्यक्रमात विंडोजचे अपडेट सुरू झाले, तर थंडीत रस्त्यावर उभी असलेली मुले हिरमुसून परत जातात, आणि ते मनाला फार लागते. मात्र पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले, की वेळ चुकते व सारे वेळापत्रक कोलमडते. त्यासाठी डीएस३२३१ घड्याळाचे छोटे मॉड्यूल अवश्य जोडावे. सूर्यास्तानुसार सुरुवात ठेवणार असाल, तर प्लेयरमध्ये भरलेले आपल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही तपासून घ्यावेत.