शब्दचर्चा : ‘राउमप्लान’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आडोल्फ लोस (1870–1933) या वास्तुकाराच्या घरांवरील लेखनात ‘राउमप्लान’ (खोल्यांना कामाप्रमाणे वेगवेगळी उंची देणारी घराची मांडणी) हा जर्मन शब्द सारखा येतो. त्यासाठी ‘अवकाश-योजना’ चालेल का?

उत्तर : चालू नये. ‘अवकाश’ म्हटले की मराठी वाचक यान आणि उपग्रहांकडे वळतो. ‘राउम’ म्हणजे खोलीही आणि जागाही. हा दुहेरी अर्थ आपल्या ‘जागा’ शब्दात आहे. मुंबईत ‘दोन खोल्यांची जागा घेतली’ असे सर्रास म्हणतात. पण ‘जागेची मांडणी’ म्हटले तर उंची निसटते, आणि या शब्दात खरे महत्त्व उंचीलाच आहे.

आपली बांधकामाची भाषा क्षेत्रफळाची आहे : चटई क्षेत्र, चटई क्षेत्र निर्देशांक. लोस घनफळ मोजतो. समजा, बसण्याचे दालन 20 चौरस मीटर आणि उंची 4 मीटर, म्हणजे 80 घनमीटर. वाचायची खोली 10 चौरस मीटर आणि उंची 2.4 मीटर, म्हणजे 24. वापराप्रमाणे प्रत्येक खोलीला तिची उंची द्यायची आणि हे लहानमोठे ठोकळे एकाच चौकोनी घरात बसवायचे. म्हणून मी ‘घनमांडणी’ सुचवतो.

मूळ ‘राउमप्लान’ हा शब्द लोसचा शिष्य आणि सहकारी हाइनरिख कुल्का याने 1931 साली लोसवरच्या पुस्तकात रूढ केला.

दुसरे मत : कोकणातल्या घरात पडवीहून ओटी पायरी-दोन पायऱ्या उंच असते, छतही आत जाताना चढत जाते. मग आपला जुना शब्द का नको?

उत्तर : साम्य आहे, पण कारण वेगळे. तिथे छताची उंची उतरत्या छपरामुळे बदलते. लोसची अशी घरे बहुतेक सपाट छपराची; तिथे उंची खोलीच्या कामावरून ठरते. प्रागच्या म्युलर व्हिलात (1928–30) जेवणाची खोली दिवाणखान्यापेक्षा वरच्या पातळीवर आहे आणि त्याच्याकडे उघडी आहे. गृहिणीच्या छोट्या खोलीच्या आतल्या खिडकीतून तोच दिवाणखाना खाली दिसतो. ‘पोटमाळा’ही जुळत नाही, कारण तो उंच खोलीत मागाहून घातलेला मजला. ‘डबल हाइट’ तर त्याहून दूर : एक दालन दोन मजले उंच केले आणि बाकी मजले सरळ ठेवले, तर ती घनमांडणी नव्हे.

तिसरे मत : नकाशा काढताना हे जमवतात कसे?

उत्तर : आधी पायरीची उंची ठरवा, मग पातळ्या. पायरी 16 सेंटीमीटरची धरू. दिवाणखान्याच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत 26 पायऱ्या, म्हणजे 4.16 मीटर. शेजारचे जेवणघर 8 पायऱ्या वर, 1.28 मीटरवर. तिथून वरच्या जमिनीपर्यंत 18 पायऱ्या उरतात, 2.88 मीटर, 15 सेंटीमीटरचा स्लॅब वजा जाता मोकळी उंची 2.73. दोन्ही खोल्यांवरची जमीन एका पातळीत आली. पातळीतला फरक पायरीच्या पूर्ण पटीत नसेल तर एक पायरी बुटकी निघते आणि नेमके तिथेच पाय अडखळतो.

दुसरी चूक तुळयांची. पातळी बदलते त्या रेषेवर दोन स्लॅब वेगवेगळ्या उंचीवर टेकतात. खाली सलग भिंत किंवा खांब-तुळई नसेल तर तुळई नको तिथे दाराच्या माथ्यावर उतरते. त्यासाठी आधी उभा छेद (घर उभे कापल्यावर दिसणारे चित्र) काढावा, मग मजल्यांचे नकाशे. मजल्याचा नकाशा एकाच उंचीवर कापलेला असतो. वरखाली असलेल्या खोल्या त्यात अर्धवट दिसतात.

आणखी एक : लोसच्या 1898 च्या लेखातल्या ‘बेक्लाइडुंग’ला (पृष्ठभागावर चढवलेल्या थराला) काही जण ‘अस्तर’ म्हणतात. त्या जर्मन शब्दात ‘क्लाइड’ म्हणजे वस्त्र आहे, आणि अस्तर आतून लावतात, दिसत नाही. लोसचा नियम दिसणाऱ्या थराबद्दलच आहे : लाकडाला कुठलाही रंग द्या, फक्त लाकडाचा नको. तिथे ‘आच्छादन’ बरे.