एमजीबीला नक्की कोणी मारलं?

घाटमाथा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी कट्ट्यावर सायबरस्टरचा विषय निघाला. दोन सीटची, टप उघडणारी, विजेवरची एमजी. भारतात २०२५ साली आली, किंमत ७० लाखांच्या वर. एक मित्र म्हणाला, "हेक्टरवाले हल्ली असले थेर पण करायला लागले का?" मी चहा खाली ठेवला.

अरे, थेर म्हणायचं तर हेक्टरला, एमजीच्या त्या एसयूव्हीला म्हणा! दोन सीट आणि उघडा टप हाच त्या नावाचा मूळ धंदा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं गाड्या विकायचं-दुरुस्त करायचं दुकान. तिथल्या सेसिल किम्बरने साध्या मॉरिसच्या सांगाड्यावर हलकी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ पासून कारखाना ॲबिंग्डनला. युद्धानंतर टीसी, टीडी, मग एमजीए आणि १९६२ साली एमजीबी. ती १८ वर्षं चालली, बंद टपाची जीटी धरून ५ लाखांवर गाड्या निघाल्या. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनला कुलूप.

माझं मत: ही गाडी अमेरिकेच्या नियमांनी मारली. उघड्या टपाचा बहुतेक माल तिकडेच जायचा. १९७४ मध्ये बंपरच्या नियमासाठी तिच्या तोंडाला काळ्या रबराचा तोबरा बांधला आणि गाडी सुमारे दीड इंच वर उचलली. धुराच्या नियमासाठी दोन एसयू कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारे) काढून एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसवला. रस्त्याला चिकटून वळणारी गाडी डुलायला लागली, दमही गेला. असं झाल्यावर काय राहिलं?

स्पॅनर१०

पूर्ण असहमत. नियम एकट्या एमजीला नव्हते. आल्फा रोमिओची स्पायडर १९६६ ची. तिलाही रबर लागलं, तिनेही धुराचे नियम पाळले, आणि १९९० नंतरही ती अमेरिकेत विकली जात होती.

एमजीबीचा आजार घरातलाच. इंजिन सेडान गाड्यांतून आलेलं जुनं लोखंडी बी-सीरिज, मागे ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे. १९६२ ला ठीक होतं. १९८० लाही तेच? १९६८ मध्ये कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि एमजी-ट्रायम्फ एकाच घरात आल्या. नव्या गाडीचा पैसा ट्रायम्फ टीआर७ कडे गेला. एमजीबीला वारस दिलाच नाही. पोराला घरच्यांनी उपाशी ठेवायचं आणि बोट शेजाऱ्याकडे दाखवायचं, असा हा प्रकार.

घाटमाथा

टीआर७ तुम्हीच काढलीत ते बरं झालं. ती १९७५ ला आली तेव्हा टप बंद होता. का? अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदी आणणार ही धास्ती. पोर्शेने त्याच धास्तीपोटी १९६५ मध्येच डोक्यामागे पोलादी कमान घातलेली टार्गा दाखवली. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो तर 'शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल' म्हणून खपवली. एवढे मोठे कारखाने घाबरले, मग लेलँडने उघड्या गाडीवर पैसा लावायचा कशाला?

स्पॅनर१०

बंदी आली का? नाही. टीआर७ चाच टप १९७९ ला उघडला!

बर्मिंगहॅमकर

तुम्ही दोघंही पौंड विसरलात. १९८० साली एक पौंड दोन डॉलरच्या बराच वर होता. ॲबिंग्डनमध्ये पौंडात मजुरी द्यायची आणि अमेरिकेत डॉलरात विकायचं, हिशेब बसेचना. बंद करण्याची वेळही काय साधली बघा: सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची ५० वर्षं साजरी केली, आणि लगेच १० तारखेच्या सोमवारी लेलँडने कारखाना बंद करणार म्हणून सांगितलं.

अवांतर: अमेरिकी सैनिकांनी टीसी घरी नेली आणि तिथून वेड लागलं, ही गोष्ट इकडे फार ऐकू येते. टीसी एकूण १०,००० च्या आसपास बनल्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. तिकडे खरा खप झाला तो टीडीचा, तिच्यात डावं स्टिअरिंग मिळायचं.

छत्री

मुळात गाडीला छप्पर नको हा हट्ट कशासाठी? जुलैत मुंबईला या, मग बोलू.

स्पॅनर१०

पौंडाचा मुद्दा मान्य. पण मग हे सांगा. १९७९ मध्येच बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटर-पत्रकाराने जपानी माझदा कंपनीच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की जुन्या ब्रिटिश चालीची साधी, स्वस्त, उघडी दोन-सीटर बनवा. म्हणजे ॲबिंग्डनचा निकाल लागला त्याच वर्षी! फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मियाटा उभी राहिली. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, १.६ लिटर, वजन टनाच्या आत. नमुना समोर होता लोटस एलानचा, तीही १९६२ चीच. अमेरिकेचे सगळे नियम पाळून, अमेरिकेत १३,८०० डॉलरला. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली.

पाककृती इंग्रजांची, गिऱ्हाईक अमेरिकेचं, आणि गल्ला माझदाच्या हिरोशिमाला. नियमांनी मारली म्हणता, मग हीच गाडी त्याच नियमांत जगली कशी?

घाटमाथा

एमएक्स-५ वर माझ्याकडे उत्तर नाही. पण १९८९ चं गणित १९७५ ला लावू नका. धूर आटोक्यात ठेवणारे फ्युएल इंजेक्शन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तोवर मुरले होते, बंदीची भीतीही विरली होती. माझदाला तयार वाट मिळाली. लेलँड आळशी होती हे मात्र लिहून घ्या, कबूल.

आणि सायबरस्टर दोन टनांच्या आसपास आहे. एमजीबीच्या दुप्पट! तिला रोडस्टर, म्हणजे हलकी उघडी दोन-सीटर, म्हणायचं की नाही, यावर वेगळा धागा काढतो.

बर्मिंगहॅमकर

@छत्री, मित्राच्या एमजीबीतून पावसात गेलोय. टप हाताने चढवावा लागतो, थांबलात तर भिजता. चालवत राहिलं की पुढच्या काचेवरून पाऊस डोक्यावरून मागे उडून जातो.

छत्री

आणि सिग्नल लागला की?

बर्मिंगहॅमकर

मग भिजायचं.