हुकूम एकच, भिंती वेगळ्या

कोरोनाच्या साथीत ज्या देशांनी लॉकडाऊन लवकर लावला तिथे मृत्यू कमी झाले, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मान्य. पण हुकूम लवकर निघाला म्हणजे तो सगळ्यांना पाळता आला असं होत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत अँटीबॉडी तपासणी, म्हणजे आधी लागण होऊन गेली का हे रक्तातून पाहणारी तपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. शहर एक, लॉकडाऊन एक!

सार्वजनिक संडास हे एक मुख्य कारण तेव्हाच सांगितलं गेलं. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, शेकडो हात लागलेली कडी लावायची, यातून कुणाची सुटका होती? त्यामुळे देशादेशांची तुलना करताना निर्बंध किती कडक होते यासोबत घरात नळ आणि संडास किती जणांकडे होता, हेही धरायलाच हवं.