मदत हवी आहे : बोर्डिंग शाळेत हाउस पेरेंट म्हणून सहकुटुंब जायचंय

सर्वांना सलाम. आजवर नुसतीच वाचत आले, लिहितेय पहिल्यांदा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एका ख्रिस्ती बोर्डिंग शाळेनं आम्हा नवराबायकोला हाउस पेरेंट म्हणून, म्हणजे वसतिगृहातल्या मुलांना आईवडिलांसारखं सांभाळायला, बोलावलंय. चौथी ते सातवीच्या २२ मुलांचं हाउस, त्याच इमारतीत आमच्या तीन खोल्या, मध्ये एक दार. नवऱ्यानं शिवाय गणिताचे तास घ्यायचे. मी अकाउंट्समध्ये आहे, ती नोकरी सोडावी लागेल. आमची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच.

देवाच्या पाचारणाबद्दल मनात शंका नाही. दोन वर्षं प्रार्थना चालू आहे, पाळकसाहेबांशी आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलजनांशी बोलणं झालंय. तेव्हा 'देवाची इच्छा असेल तर मार्ग निघेल' असं कृपया लिहू नका. ते सासूबाई रोज सांगतात आणि सांगताना डोळे पुसतात.

अडलंय ते दुसरीकडेच. गेल्या महिन्यात चौघं तिथे तीन दिवस राहून आलो. दुसऱ्या रात्री साडेदहाला दारावर टकटक. हाउस मदर तापानं झोपल्या होत्या म्हणून मी उघडलं. चौथीतला एक मुलगा, मुठीत पडलेला दात. रडत नव्हता. "कुणाला तरी दाखवायचा होता," म्हणाला. त्याला गुळण्या करायला लावल्या, दाताची कागदात पुडी बांधली, वर तारीख घातली, त्याला खोलीत नेलं आणि झोप लागेपर्यंत पलंगाशी बसले. परत आले तर आमची मुलगी टक्क जागी. म्हणाली, "त्याचा दात नीट ठेवलास. माझा हरवला होतास."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा: स्वतःच्या मुलांच्या वाट्याची आई कशी राखून ठेवलीत? ते मधलं दार कधी बंद असायचं? आणि हो म्हणण्याआधी शाळेला काय काय विचारायला हवं होतं, जे तुम्ही विचारलं नाही?

प्रतिसाद (अकरा वर्षं हाउस मदर होते)

ताई, आधी दाराचं. आमचं पहिल्या टर्मला सताड उघडं असायचं, सेवा म्हणजे तशीच असं वाटायचं. दुसऱ्या टर्मपर्यंत माझा मुलगा माझ्याशी बोलायला बाथरूमच्या बाहेर येऊन उभा राहू लागला, कारण तेवढ्याच वेळी मी एकटी सापडायचे. मग नियम केला. प्रेप, म्हणजे मुलांचा अभ्यासाचा तास, सुरू झाली की शिक्षक मुलांपाशी, तो एक तास दार बंद आणि आम्ही चौघं जेवायला. रक्त वाहत असेल तरच ठोठावायचं. पहिल्या आठवड्यात तीनदा ठोठावलं गेलं, रक्त एकदाही नव्हतं. पुढे सवय झाली.

दुसरं, हाक. हाउसमधली मुलं आम्हाला काका-काकू म्हणत. काही शाळांत आई-बाबा म्हणायला लावतात, हेतू चांगला असतो, पण मला पटत नाही. त्या मुलांना आया आहेत, लांब आहेत इतकंच. आणि तुमच्या मुलीकडे तो एक शब्द तरी एकटीचा राहू द्या.

शाळेला सगळ्यात आधी विचारा की आठवड्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी हाउस कोण बघतं. 'बघू, एकमेकांना सांभाळून घेतो' असं उत्तर आलं तर समजा की सुट्टी नाही. बदली माणूस नेमलेला हवा, त्याचं नाव तक्त्यावर हवं. तुम्ही सांगितलेल्या रात्री हाउस मदर तापात आणि दार पाहुणी उघडते, यातच उत्तर आहे.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. या कामात नोकरी, घर आणि मुलांची शाळा एकाच दोरीला बांधलेली असतात. उद्या नाही जमलं तर तिन्ही एकदम सुटतात. सोडायचं झाल्यास नोटीस किती, चालू वर्ष संपेपर्यंत मुलांना शाळेत ठेवतील का, हे आधी लिहून घ्या. आम्ही विश्वासावर गेलो आणि विश्वासावरच एका महिन्यात जागा खाली केली.

प्रतिसाद (स्टाफचा मुलगा, आता वय ४१)

मुलांच्या बाजूनं लिहितो. मैदान, झाडं, वाचनालय, सगळं सुट्टीत माझ्या एकट्याच्या मालकीचं. पण टर्म संपली की ट्रंका बाहेर पडायच्या, गाड्या यायच्या, संध्याकाळपर्यंत सगळे गेलेले. त्यांच्यासाठी तो दिवस घरी जाण्याचा, माझ्यासाठी मित्र जाण्याचा. घरचे म्हणत, "आता शांतता मिळेल." मला नको असायची.

दुसरं म्हणजे पक्षपात दिसू नये म्हणून वडील मला सगळ्यांसमोर दुप्पट रागवायचे. तो हिशेब मला कळायचा, तरी लागायचं. तुमची मुलगी ज्या वयाची आहे त्याच वयाच्या मुलांचं हाउस तुम्हाला दिलंय, ते बदलून मागता आलं तर मागा. आठवी-नववीची मुलं तिला धाकटी बहीण मानतील, बरोबरीची मुलं आई वाटून घेतील.

पंडिता रमाबाईंची मनोरमा आठवते. १८८९ साली शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, निघालं तेव्हा ती आठ वर्षांची होत आली होती, म्हणजे तुमच्या मुलीहून थोडी लहानच. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचं कामही तिनं आईबरोबर पाहिलं आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. सगळे तिचं समर्पण सांगतात. मला मात्र नेहमी वाटतं, एवढ्या मुलींच्या आईची एकुलती एक मुलगी असणं कसं असेल, हे तिला कुणी विचारलं होतं का? तुम्ही विचारताय, हे चांगलं आहे.

प्रतिसाद

ताई, रागावू नका, पण तुमची दाताची गोष्ट वाचून मला गहिवरून आलं नाही, धसका बसला. तुम्ही तिथे पाहुण्या होतात. तुमची कसलीही पडताळणी झालेली नसणार. तरी रात्री साडेदहाला तुम्ही एकट्या मुलांच्या झोपायच्या खोलीत गेलात आणि कुणीही अडवलं नाही. तुम्ही भल्या बाई आहात. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर?

हे हवेतलं बोलत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या मिशनरी मुलांच्या एका बोर्डिंग शाळेत काय काय घडलं होतं, ते शाळा बंद होऊन दोन दशकं उलटल्यावर, १९९० च्या दशकात मिशननेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीतून बाहेर आलं. मुलं आधी का बोलली नाहीत? कारण त्यांना वाटायचं, आपण तक्रार केली तर आईबाबांच्या सेवेत खोडा येईल. हे वाक्य दोनदा वाचा, कारण तुमची मुलंही उद्या स्टाफची मुलं असणार.

तेव्हा शाळेकडे लेखी बालसुरक्षा धोरण मागा. रात्री मुलांच्या खोलीत कोण जाऊ शकतं, एकट्या मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद खोलीत असायचं का, तक्रार शाळेबाहेरच्या कुणाकडे करता येते, आईवडिलांशी मुलं फोनवर बोलतात तेव्हा शेजारी कोण उभं असतं. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे उत्तर चालणार नाही.

प्रतिसाद

पैशाचं कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. पगार शाळा देणार की तुम्ही मंडळ्यांमधून देणग्यांचा आधार उभा करायचा? दुसरं असेल तर हातात आलेली वचनं मोजा, मनातली नव्हे. पहिल्या वर्षी सगळे देतात, तिसऱ्या वर्षी मंडळीत छताचं काम निघतं. पीएफ आणि आरोग्य विमा चालू राहील का, तेही बघा. अकाउंट्सच्या माणसाला मी काय सांगणार म्हणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बालसुरक्षेचा प्रतिसाद वाचून दोन दिवस इथे आलेच नाही. आधी राग आला, मग लाज वाटली. मी त्या रात्रीकडे फक्त माझ्या मुलीच्या बाजूनं बघत होते. त्या मुलाच्या आईच्या बाजूनं बघितलंच नव्हतं.

मुख्याध्यापकांना काल सविस्तर लिहिलं. सुट्टीचं उत्तर लगेच आलं: आठवड्यातून एक दिवस, बदली जोडपं नेमलेलं आहे, पण सध्या दोन हाउसना मिळून एकच. मोठ्या मुलांचं हाउस जूनपासून मिळू शकेल म्हणाले. पगार शाळाच देणार आहे, पीएफ चालू राहील. रात्रीच्या खोल्यांबद्दल मात्र 'प्रत्यक्ष भेटीत बोलू' एवढंच. मी परत लिहिलंय की आधी कागद पाठवा, मग भेटू. तोवर नवरा आणि मी, दोघांचेही राजीनामे ड्रॉवरमध्ये.

मुलीला बंद दाराच्या तासाबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, "रविवारी पण?" मी हो म्हणून बसलेय. रविवारी सकाळची उपासना, दुपारी पालकांचे फोन, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, असं तिथलं वेळापत्रक आहे. हाउस मदर ताई, तुम्ही रविवारी तो तास कुठे बसवत होतात?