मदत हवी आहे: ऑपरेशननंतर वडिलांना पॅरालिसिस, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला नकार

मयूर_ताराबाईपार्क: अर्जंट! अप्पांचं तोंड वाकडं झालंय, डावा हात उचलत नाही. साडेचार तासांत इंजेक्शन देतात ना? डॉक्टर नाही म्हणतायत. पुण्याला हलवू का? लवकर सांगा.

कागलकर: कसलं ऑपरेशन? कधी झालं? सीटी काढला?

मयूर_ताराबाईपार्क: खुब्याचं, परवा. सीटीत रक्तस्राव नाही. नर्सला सातला दिसलं, म्हणजे वेळ आहे अजून.

सिस्टर_मिरज: दिसलं कधी ते नाही, शेवटचे धड कधी होते तिथून वेळ मोजतात. रात्री झोपताना नीट होते, तर रात्रीपासून. शिवाय मोठ्या ऑपरेशनला १४ दिवस झाले नसतील तर ते इंजेक्शन शक्यतो टाळतात, जखमेतून रक्त थांबत नाही. थ्रॉम्बेक्टमीचं विचारा. मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. आधी सीटी अँजिओ, म्हणजे नसांत रंग सोडून काढलेला सीटी, मेंदूची मोठी नस बंद असेल तरच. ६ तासांत, काही पेशंटना २४ तासांपर्यंत.

नादखुळा_भावा: डॉक्टर हात झटकतायत भावा. आमच्या मामांना तेच इंजेक्शन दिलं, चालत घरी आले. भांडून घे.

कागलकर: मामांचं आधी ऑपरेशन झालेलं का?

नादखुळा_भावा: नाही. पण पॅरालिसिस तोच की.

गडहिंग्लजचा_पाटील: वारं गेलंय. पारव्याचं रक्त चोळा, आमच्या भावकीत गुण आलाय.

सिस्टर_मिरज: पारव्याला सोडा बिचाऱ्याला. गिळता येतंय का तपासल्याशिवाय चहा, पाणी, गोळी काही तोंडात घालू नका, फुफ्फुसात जातं.

शाहूपुरीकर: पुण्याला निघालात तर कराडचं बघा. परवा तिथंच अडकलो. टोल मात्र पुरा घेतात.

कागलकर: टोलचा वेगळा धागा काढा हो. मयूर, पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. आधी कोल्हापुरातच फोन लावा, गुठळी काढणारा डॉक्टर आणि कॅथलॅब, म्हणजे नळी घालायची खोली, आत्ता कुठं मोकळी आहे ते. सीटीची सीडी हातात ठेवा.

मयूर_ताराबाईपार्क: अप्पांचे ठोके आधीपासून अनियमित आहेत. रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनसाठी बंद केलेली. हे सांगायचं का?

सिस्टर_मिरज: अहो, तेच तर आधी सांगायचं! गुठळी हृदयातून मेंदूत गेली असेल. आता धावत जाऊन सांगा.

मयूर_ताराबाईपार्क: सांगितलं. अँजिओला नेतायत. बीपी १८० आहे, तरी कमी करत नाहीत, हे काय?

सिस्टर_मिरज: मुद्दाम. एकदम उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडतं.

नादखुळा_भावा: हॉस्पिटल कुठलं? बिलात माझी ओळख निघेल.