देव न मानणारा ज्यू हा ज्यू राहतो का?

मीमांसक

माझं मत आधी सांगून टाकतो. राहतो. पूर्णपणे राहतो. आणि हे मत आजकालच्या निधर्मी लोकांनी शोधून काढलेलं नाही, त्याची मुळं ज्यू परंपरेतच आहेत.

ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीजनं बाराव्या शतकात श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली, हे खरं. पण रोजच्या जगण्यात ज्यू धर्मशास्त्र माणसाला विचारतं ते काय केलंस हे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळलास का, खाण्याचे नियम सांभाळलेस का, सामूहिक प्रार्थनेला दहा जण जमले का. मनात काय आहे याची चौकशी फारशी नाहीच.

तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथातली अखनाईच्या भट्टीची गोष्ट घ्या. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावरून रब्बी (धर्मपंडित) एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझरांच्या बाजूनं झाड जागचं हलतं, पाटाचं पाणी उलटं वाहतं, शेवटी आकाशवाणी होते की यांचंच बरोबर आहे. त्यावर रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) आकाशात नाही. निर्णय बहुमताचाच. आणि देव हसून म्हणतो, माझ्या लेकरांनी मला हरवलं. आकाशवाणीलाही बाजूला बसवणारी ही परंपरा आहे.

अमेरिकेतल्या रब्बी मोर्दकाय कॅप्लननं 1934 साली हेच पुढे नेलं. ज्यूपण ही एक संस्कृती आहे, भाषा, सण, कायदा, कला, इतिहास सगळं मिळून, आणि धर्म हा तिचा एक भाग. आकाशात बसून निवाडे करणारा देव त्यानं नाकारला. 1945 मध्ये कर्मठ रब्बींनी त्याला बहिष्कृत केलं, त्याचं प्रार्थनेचं पुस्तक जाळलं. त्याचा पंथ आजही अमेरिकेत जिवंत आहे. हे तुम्हाला मान्य आहे का, आणि नसेल तर का नाही?

दक्षिणकडा

मान्य नाही. भट्टीच्या गोष्टीचा तुम्ही काढलेला अर्थ तर अजिबात नाही.

'तोरा आकाशात नाही' हे वाक्य यहोशुआंच्या पदरचं नाही, ते तोरामधलंच आहे. देवानं दिलेल्या ग्रंथातलं वचन ते देवालाच ऐकवतात. तोरा देवानं दिला यावर त्या खोलीतल्या एकाचंही दुमत नाही, म्हणून तर भट्टीसारख्या गोष्टीवर इतकं भांडण. देवाला त्या गोष्टीतून काढा आणि मग वाचून बघा. उरतं काय? भांड्यांवरून वाद घालणारी काही माणसं.

कॅप्लनबद्दलही तेच. त्यानं प्रार्थना ठेवली, पण ज्याची करायची तो काढून घेतला. माणसाला चांगुलपणाकडे नेणाऱ्या शक्तींना देव म्हणा, असं तो सांगतो. अशा शक्तीपुढे कोणी योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिवसभर उपाशी उभं राहील? त्याच्या पिढीनं केलं, कारण त्यांच्या आईवडिलांच्या श्रद्धेची ऊब अजून होती. तिसऱ्या पिढीचं काय?

तत्त्वज्ञ स्पिनोझाला हे त्याच्या परीनं कळलं होतं. 1656 मध्ये, तेविसाव्या वर्षी, अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं त्याला वाळीत टाकलं. तो परतून गेला नाही. देव आणि निसर्ग एकच मानल्यावर सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) बसण्याचं सोंगही केलं नाही. मला कॅप्लनपेक्षा त्याचा प्रामाणिकपणा जास्त पटतो.

आणि इस्राएलचे विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ वाचा. देव माणसाच्या गरजा भागवायला नाही, माणूस देवाच्या सेवेला आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीनंतर ज्यांची श्रद्धा गेली, त्यांची श्रद्धा देवावर नव्हतीच, देवाच्या मदतीवर होती, असं ते म्हणत.

सांजवात

लाइबोविट्झ मोठे होते, पण हे वाक्य मला निष्ठुर वाटतं. साठ लाख माणसं मारली गेली. ज्यांची मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली त्यांना 'तुमची श्रद्धा मुळात कच्ची होती' हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम स्वतः जाक्सनहाउझेनच्या नाझी छळछावणीत होते. त्यांचं उत्तर मला जवळचं वाटतं. तोरामध्ये 613 आज्ञा, त्यांनी 614वी सांगितली: हिटलरला त्याच्या मरणानंतर विजय मिळू देऊ नका. म्हणजे ज्यू म्हणून टिका. ही आज्ञा त्यांनी धार्मिक माणसालाही दिली आणि श्रद्धा नसलेल्यालाही. दक्षिणकडा, 1935 च्या नाझींच्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी कोणाची श्रद्धा विचारली नव्हती. आजी-आजोबा मोजले होते.

दक्षिणकडा

तुमचं दुःख मला समजतं, पण शेवटच्या वाक्यातच माझी भीती आहे. ज्यू कोण हे मारेकऱ्याच्या व्याख्येवरून ठरवायचं का? मग ज्यूपण म्हणजे केवळ सोसलेलं दुःख होऊन बसतं.

नवगावची लेक

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आजोळ अलिबागकडचं. आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि शेमाची ('देव एकच' म्हणणारी) प्रार्थना, एवढं त्यांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. रब्बी नव्हते, तालमूद नव्हता.

तुमची चर्चा वाचून 1962 साल आठवलं. त्या वर्षी इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मपीठानं, फतवा काढला की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ मागपर्यंत तपासा. आमची श्रद्धा कोणी विचारली नाही, आचारही नाही. रक्त विचारलं. लोक यरुशलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटनं (इस्राएलच्या संसदेनं) ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत.

त्याच 1962 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ब्रदर डॅनिएलचा खटला होता. पोलंडचा जन्मानं ज्यू, मूळ नाव ओस्वाल्ड रुफाइसेन. युद्धात जर्मन पोलिसांकडे दुभाष्या म्हणून राहून त्यानं मीर गावच्या घेट्टोत, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्तीत, असलेल्या ज्यूंना पळायला मदत केली. पुढे लपून राहताना ख्रिस्ती झाला, साधू झाला, आणि 'मी ज्यूच आहे' म्हणून इस्राएलमध्ये हक्क मागितला. न्यायालयानं नाही म्हटलं. गंमत नाही, हे गंभीर आहे: न्यायाधीश म्हणाले की धर्मशास्त्राप्रमाणे तो ज्यूच राहतो, पण परतीचा कायदा (ज्यूंना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणारा) लौकिक आहे आणि सामान्य ज्यू माणूस ख्रिस्ती साधूला ज्यू म्हणत नाही.

म्हणजे जन्म असलेल्याला दार बंद, आणि आचार सांभाळलेल्यांकडे जन्माच्या पुराव्याची मागणी. मीमांसक, तुमची 'काय केलंस' ही कसोटी खरी असती तर आम्हाला फतवा का? आणि दक्षिणकडा, तुमची देवाची कसोटी खरी असती तर देव मानणाऱ्या आम्हाला का?

मीमांसक

ताई, तुमचा फतव्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून माझंच म्हणणं पुढे जातं असं मला वाटतं. तुम्हाला ज्यू ठरवलं ते तुमच्या सांभाळण्यानं आणि लढण्यानं. रब्बिनेट नंतर वळलं.

नवगावची लेक

नाही, एवढ्यावर सोडणार नाही. तुम्ही 'सांभाळलं' म्हणता तेव्हा त्यात देव नव्हता असं धरता. आमच्याकडे मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन प्रार्थना. लग्नाआधी करतात, नवस फेडताना करतात. आजीला देव सिद्ध करावा लागला नाही, पण ताटासमोर ती कोणाशी तरी बोलत होती. ते बोलणं काढलं तर मला मलिदा करावासा वाटणार नाही. माझा भाऊ मात्र देव मानत नाही आणि दरवर्षी न चुकता येतो, हेही खरं. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये उदारमतवादी ज्यू संघ सुरू केला, तेव्हाही हाच पेच होता: नव्या जगात किती बदलायचं. त्यांनी प्रार्थना बदलली, पण सोडली नाही.

दक्षिणकडा

तुमच्या भावाला एक विचारा. त्याची मुलं येतात का?

नवगावची लेक

मोठी येते. धाकटा विचारतो की प्रार्थना कोण ऐकतं. त्याला काय सांगायचं यावर आम्हा बहीण-भावात अजून एकमत नाही.