मदत हवी आहे: कोजागिरीला २५ जणांसाठी पोटभरीचं इटालियन सॅलड

पातेलंभर
मुलुंडला एका सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला २५ जण जमणार आहेत. बटाटेवडे, भेळ आणि शेवटी मसाला दूध ठरलंय. माझ्या वाटणीला इटालियन पद्धतीचं सॅलड आलंय. नुसता पाला नको. पास्ता, काबुली चणे, चीज, ऑलिव्ह घातलेलं, वाटीभर खाल्लं तरी पोटाला आधार होईल असं हवंय. दादरला घरी करायचं, तिकडे न्यायचं. केल्यापासून वाढेपर्यंत तीन तास सहज जातील.

चार जणांपुरतं करून पाहिलं, तर तीन गोष्टी फसल्या. पास्ता शिजवताना बरोबर होता, फ्रिजमधून काढल्यावर कडक लागला. तळाशी वाटीभर पाणी जमलं. बेसिल काळं पडलं. पाहुण्यांत दोन जैन कुटुंबंही आहेत. प्रमाणासकट सांगाल का?

खलबत्ता
आधी प्रमाण. ताटात बाकीचे पदार्थ आहेत, त्यामुळे माणशी १७० ग्रॅम पुरे, म्हणजे सव्वाचार ते साडेचार किलो तयार सॅलड. त्यासाठी कोरडा पास्ता ५०० ग्रॅम (शिजून १,१०० च्या आसपास), कोरडे काबुली चणे ४०० ग्रॅम (शिजून ९००), टोमॅटो पाऊण किलो, काकडी ६०० ग्रॅम, लाल-पिवळी सिमला मिरची ३००, मोझरेला ४००, बिनबियांचे ऑलिव्ह पाणी काढून २००. कांदा वेगळ्या वाटीत, त्याचं पुढे सांगते.

पास्ता कडक का झाला? पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर तेवढी गरम खायच्या पास्त्याला. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा आवळतो आणि दाताखाली चिवट लागतो. सॅलडसाठी दीड-दोन मिनिटं जास्त शिजवा. एक तुकडा अर्धा तोडून बघायचा: मधला पांढरा ठिपका पूर्ण गेला पाहिजे, पण बोटाने दाबल्यावर कडा फाटता कामा नयेत. पाणी ५ लिटर, मीठ ५० ग्रॅम. कमी मिठात शिजवलेला पास्ता नंतर कितीही ड्रेसिंग घातलं तरी आतून अळणीच राहतो. आकार फुसिली (पिळाचा) किंवा पेने (नळीचा), आणि पाकिटावर ‘ड्युरम’ गहू लिहिलेला बघून घ्या. मैद्याचा असेल तर जास्तीच्या दोन मिनिटांत लगदा होतो.

चणे रात्रभर भिजवा, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेत तर सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. फ्रिजमध्येच भिजवा, पाण्यात चमचाभर मीठ घालून. सोडा अजिबात नको, सालं सुटतात आणि सॅलडभर फिरतात. ४ शिट्ट्या, मग मंद आचेवर १० मिनिटं. निथळल्यावर गरम असतानाच त्यांच्यावर व्हिनेगर आणि मीठ घाला. गार चणे वरून चव लावून घेतात, गरम चणे आत ओढतात.

सातचीलोकल
पास्ता शिजल्यावर चाळणीत गार पाण्याखाली धरा. वरचा चिकट स्टार्च जातो, गोळा होत नाही. गरम पास्त्याला हे पाप आहे, सॅलडला नाही.

खलबत्ता
@सातचीलोकल, धुतल्याने चिकटत नाही हे खरं, पण वरचं मीठही जातं आणि फुसिलीच्या पिळात पाणी अडकून बसतं. त्यांची तक्रारच पाण्याची आहे. दोन मोठ्या ताटांत पातळ पसरून, तीन-चार चमचे ड्रेसिंग चोळून पंख्याखाली ठेवला तर १५ मिनिटांत गार होतो आणि मोकळाही राहतो.

सातचीलोकल
ताटं दोन असतील तर तुमचं बरोबर. मुंबईच्या ओट्यावर दोन ताटं मावली पाहिजेत, एवढंच!

ओट्यापाशी
पाण्याचं मूळ टोमॅटो आणि काकडी. मीठ लागलं की दोन्ही पाणी सोडणारच. ते ताटात सोडण्याऐवजी आधीच सोडवून घ्यायचं.

टोमॅटोचे मोठे तुकडे करा, अर्ध्या किलोला अर्धा चहाचा चमचा मीठ लावा आणि चाळणीत २० मिनिटं ठेवा, खाली वाडगं. खाली जमलेला गुलाबी रस ओतू नका. बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत गरातच टोमॅटोची खरी चव असते. तो रस ड्रेसिंगमध्ये जाऊ दे. काकडी उभी चिरून चहाच्या चमच्याने मधला बियांचा भाग खरवडून टाका, मग अर्धचंद्र कापा आणि तसंच मीठ लावून निथळा.

तिसरं पाणी मोझरेलाचं. पाण्यात बुडवून मिळणारे ताजे गोळे घेणार असाल तर तुकडे करून १५ मिनिटं गाळणीत ठेवा. पिझ्झाचा ठोकळा घेतलात तर पाणी नाही, पण गार असताना रबर चावल्यासारखं होतं; त्याचे तुकडे पाऊण सेंटिमीटरहून मोठे नकोत. ऑलिव्ह एकदा साध्या पाण्यातून काढा, नाहीतर त्यांच्या खारामुळे मिठाचा अंदाज चुकतो.

पुदिना_नको
ड्रेसिंगचं कुणी बोललं नाही म्हणून. बाटलीत ‘इटालियन ड्रेसिंग’ म्हणून मिळतं ते अमेरिकन प्रकरण. इटलीत तेल, व्हिनेगर, मीठ थेट पानावर. तुम्हाला मात्र तीन तास टिकायला हवंय, तेव्हा बरणीत करा: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल २७० मिली, रेड वाइन व्हिनेगर ९० मिली, टोमॅटोचा रस, मीठ दोन चहाचे चमचे, मिरपूड, साधा वाळलेला ओरेगॅनो तळहातावर चोळून एक चमचा, आणि मोहरीची पेस्ट एक चमचा. मोहरीमुळे तेल-व्हिनेगर पटकन फुटत नाही. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरू नका, त्यांत बरेचदा मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात.

‘पोमेस’ लिहिलेलं स्वस्त ऑलिव्ह तेल तळायला ठीक. इथे कच्चं खायचंय, त्याला चवच नसते. वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर नाकात जातं. रेड वाइन व्हिनेगर मिळालं नाही तर लिंबू बरं.

अर्धं ड्रेसिंग पास्ता-चण्यांना घरी, उरलेलं वाढण्याआधी. पास्ता वाटेत पिऊन टाकतो आणि पोचल्यावर सगळं कोरडं दिसतं. तेव्हा लोक मेयोनीज शोधायला लागतात. ते होऊ देऊ नका.

सातचीलोकल
नेण्याबद्दल. खाली ड्रेसिंग लावलेले चणे, वर पास्ता, त्यावर मिरची आणि ऑलिव्ह, असा एक डबा. टोमॅटो-काकडी दुसऱ्यात, चीज तिसऱ्यात, लेट्यूस घालणार असाल तर ते कोरडं करून चौथ्यात. लेट्यूस धुऊन सुती पंच्यात बांधा आणि गॅलरीत उभं राहून दोन-चार जोरदार गरके द्या (खालच्या मजल्यावर वाळवण आहे का बघून). ओल्या पानावर तेल ठरत नाही.

डबे बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलच्या पेटीत. शिजलेला पास्ता आणि चणे उघड्यावर दोन तासांच्या वर नकोत, ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. गच्चीवर अर्धंच मांडा, अर्धं पेटीत राहू दे.

ओट्यापाशी
जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण टाळलंत तरी काम संपत नाही. कोजागिरी चातुर्मासात येते आणि त्या काळात बरेच जैन हिरवा पाला खात नाहीत, म्हणजे लेट्यूस आणि बेसिलही वर्ज्य. सूर्यास्तानंतर जेवतात का तेही विचारून घ्या. नसतील जेवत तर त्यांचा वाटा आधी काढून द्यावा लागेल. व्हिनेगर चालत नसेल तर त्यांच्या भागाला लिंबू. आणि शाकाहारींसाठी एक: अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं. हिरवा ठिपका असलेलंच चीज घ्या.

कांद्याचे पातळ काप गार पाण्यात १५ मिनिटं ठेवून निथळा, उग्रपणा जातो. वाटी शेजारी ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

पातेलंभर
सगळ्यांचे आभार, यादी लिहून घेतली. दोन शंका राहिल्या. बेसिल मिळालं नाही तर घरची तुळस चालेल का? आणि पास्त्याऐवजी पाव घातलेलं सॅलड असतं म्हणतात, ते जमेल का?

खलबत्ता
तुळस नको. लवंगेसारखी चव येते आणि बाकी सगळं झाकून टाकते. बेसिल हे सब्जाच्या जातीचंच रोप, म्हणून नर्सरीतून बिनफवारणीचं सब्जाचं रोप मिळालं तर कोवळी पानं वापरून बघा. बेसिलच्या काड्या फुलदाणीसारख्या ग्लासभर पाण्यात, फ्रिजच्या बाहेर. त्याला थंडी सोसत नाही, तुमचं काळं पडलं ते बहुतेक त्यामुळेच. सुरी लावू नका, अगदी शेवटी हाताने तोडा.

पावाचं ते पांझानेला, तोस्कानाचं, शिळ्या पावाचं. टोमॅटो अमेरिकेतून यायच्या आधी त्यात कांदा, काकडी आणि घोळ असायची. हो, आपली घोळूची भाजीच! लादीपावाचा मात्र त्यात चिखल होतो. इराण्याकडचा ब्रून पाव घ्या, अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून १५० अंशांवर २० मिनिटं सुकवा. ओट्यावर सुकवायला ठेवाल तर इथल्या दमट हवेत कडक व्हायच्या ऐवजी बुरशी धरेल. पण तीन तासांच्या प्रवासाला पांझानेला नाही. ते कालवल्यापासून अर्ध्या तासात संपवायचं.

पातेलंभर
मग पास्ताच. साडेचार किलो कालवायचं कशात? घरी आजीची पितळी परात आहे.

खलबत्ता
पितळी नको, कल्हई उडालेली असेल तर व्हिनेगर-टोमॅटोने कळकतं. कणकेची मोठी स्टीलची परात न्या आणि चमचा न वापरता धुतलेल्या दोन्ही हातांनी खालून वर उचला. चीज सगळ्यात शेवटी, नाहीतर पास्त्याच्या पिळांत चुरा होऊन बसतं.